दोन निळ्या टिक आणि मी

चार वर्षांपूर्वी चष्म्याची फ्रेम घ्यायला गेले होते. दोन फ्रेम आलटून पालटून घातल्या, फोटो काढले, मैत्रिणीला पाठवले. लगेच निळ्या टिक आल्या. उत्तर नाही. दहा मिनिटांनी मी 'अगं?' लिहिलं. मग 'बिझी आहेस का?' मग ते डिलीट केलं, आणि डिलीट केल्याचं तिला दिसणार म्हणून आणखीच कसंनुसं झालं. फ्रेम न घेताच घरी आले. वाटेत डोक्यात एकच भुंगा: परवा फोनवर मी तोडून बोलले का?

संध्याकाळी तिचा मेसेज आला. 'मीटिंगमध्ये होते गं. काळी छान दिसतेय.' जिवात जीव आला. आणि तो काही फ्रेमचं ठरलं म्हणून आला नव्हता.

याला मी बरीच वर्षं जिव्हाळा समजत होते. 'किती जीव लावतेस गं माणसांना' असं कौतुकही व्हायचं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. खरं तर तिचा आवाज जरा थंड वाटला की माझा अख्खा दिवस वाया जायचा. ऑफिसचा साधा मेलसुद्धा आधी तिला दाखवायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, "तुझा फोन आला की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं." दोन दिवस रडले. मग तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं आणि लाज वाटली. माझं बरं वाटणं सांभाळायची नोकरी मी तिला न विचारताच देऊन टाकली होती, तीही बिनसुट्टीची.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या कबुतरांवरच्या प्रयोगांबद्दल नंतर वाचलं. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल आणि मग तो बंद झाला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहतं. दर दोन मिनिटांनी फोन उघडून बघणारी मी आठवले आणि हसू आलं. बिचारी मैत्रीण काही मुद्दाम दाणे रोखून धरत नव्हती, तिला तिची कामं होती.

सुरुवात वहीपासून केली. कुणालाही विचारायच्या आधी स्वतःचं मत एका ओळीत लिहायचं. ऐकायला फारच सोपं आहे, पण पहिल्या दिवशी पेन हातात धरून नुसती बसले होते. मला काय वाटतं हेच सापडेना! मग 'उद्या विचारू' असं स्वतःला सांगायला लागले. पहिले काही आठवडे छातीत धडधड व्हायची. पण ती चढते तशी उतरतेही, हे कळायला एकदा तरी फोन न करता बसावं लागतं. पुढे समुपदेशकाकडेही गेले. जमलं असतं तर आधीच जायला हवं होतं.

'कुणाचीच गरज ठेवू नका' छापाच्या पोस्ट दिसल्या की मात्र डोकं फिरतं. माणसाला माणूस लागतोच. डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५८ मध्ये मांडलेला विचार मला फार पटला: मूल एकटं राहायला शिकतं ते आई जवळपास असताना. ती खोलीत आहे, पण मधे मधे करत नाही, आणि मूल आपल्या खेळात गुंग. म्हणजे एकटं राहता येणंसुद्धा कुणाच्या तरी सोबतीतच रुजतं. माझ्या बाबतीत तर मैत्री तुटली नाही, उलट आता आम्ही तिच्याही आयुष्याबद्दल बोलतो. तिच्या आईचं आजारपण किती लांबलंय हे मला आत्ता आत्ता नीट कळलं. इतकी वर्षं मी फक्त तिचा सूर ऐकत होते, शब्द नाही.

अजूनही कधी कधी चुळबुळ होते. परवाच नवा चष्मा केला, तपकिरी फ्रेमचा, कुणालाही न दाखवता. भेटल्यावर ती बघून म्हणाली, "ही नाही गं शोभत तुला."

शोभत नसेलही. मला आवडलीय.