गढूळ पाण्यात रंगापेक्षा हालचाल महत्त्वाची

मासे पकडायच्या कृत्रिम आमिषांवरच्या लेखात अंधारात चमकणाऱ्या रंगावरच सगळा भर दिलाय, ते निदान आमच्या तापीला लागू पडत नाही. हतनूर धरणाच्या फुगवट्यात पावसाळ्यात पाणी चहासारखं. तिथे निळा-जांभळा प्रकाश आधी संपतो, लाल-नारिंगी थोडा टिकतो. स्वच्छ, खोल पाण्यात नेमकं उलटं. दिवस मावळल्यावर तर काळं आमिष लावून बघा, हसू नका! मासा खालून वर बघतो, उरल्यासुरल्या उजेडावर काळी आकृती उठून दिसते. मरळ माशाला वर फडफडणारा रबरी बेडूक पुरतो, अंगावरच्या पार्श्वरेखेने, म्हणजे कंपनं टिपणाऱ्या बाजूच्या रेषेने, त्याला पाण्यातली थरथर कळते. बाकी अंधारात चमकायला वापरतात त्या रसायनांपैकी स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचा रंग जुन्या झिंक सल्फाइडपेक्षा जास्त वेळ चमकतो, एवढं मान्य. पण किंमत बघितली का भाऊ?