पाठपुरावा सुरू आहे

बत्तीस वर्षं मी पोरांना मराठी शिकवलं. दहावीच्या पेपरात 'प्रयोग ओळखा' हा प्रश्न किती हजार वेळा तपासला असेल याचा हिशेब नाही. त्या हजारांतल्या एका पेपरात एका पोराने तिन्ही उत्तरं कोरी सोडून खाली लिहिलं होतं, 'सर, प्रयोग फसला.' मी त्याला अर्धा गुण दिला होता. विनोदाचा. तो अर्धा गुण यंदा माझ्या अंगावर आला.

कारण तो पोरगा आता आमच्या प्रभागाचा नगरसेवक आहे.

त्याचं असं झालं. २०२२च्या मार्चमध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं सोलापूरला नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. गाऱ्हाणं सांगायचं तर सांगायचं कुणाला, हेच लोक विसरून गेले. मी तुळशीला सांगायचो. मग १५ जानेवारी २०२६ला मतदान लागलं, तेही ऐन गड्ड्याच्या यात्रेत. एकीकडे सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज, दुसरीकडे पक्षांचे ध्वज. कुठल्या ध्वजाला हात जोडावेत हे आमच्या हिला कळेना, म्हणून तिने सरसकट सगळ्यांना जोडले. परीक्षेच्या वेळी मीही शंकराबरोबर मारुतीला नारळ बोलायचो, तेव्हा बोलायला तोंड नाही.

शहरात प्रभाग २६, नगरसेवक १०२. म्हणजे दोन प्रभाग सोडले तर प्रत्येकात चार-चार. अ, ब, क, ड. मतदाराने बटणं चार दाबायची, आणि पुढे गटार तुंबलं की दारंही चार ठोठवायची. 'अ'कडे गेलात की ते सांगतात, तुमची गल्ली 'ब' बघतात. 'ब' म्हणतात, ड्रेनेज 'क'कडे दिलंय. बारभाईची शेती आपण ऐकून होतो, ही चारभाईची. आमचा विद्यार्थी 'ड'मधून निवडून आला. शाळेतही तो शेवटपर्यंत 'ड' तुकडीतच होता. माणसाने आपली पायरी सोडू नये म्हणतात, ती त्याने सोडली नाही.

मार्चमध्ये एका संध्याकाळी तो दारात उभा. "सर, वळखलं का?"

'ये रे' असं ओठांवर आलं होतं, पण मागे पांढऱ्या शर्टातले दोघं हात बांधून उभे होते. तोंडातून निघालं, "या मालक."

"मालक काय म्हणता सर! तुम्ही मला 'अरे'च म्हणायचं."

"बरं. अरे मालक, बसा."

काम असं होतं, की दर महिन्याला प्रभागातल्या लोकांना केलेल्या कामाचा अहवाल द्यायचा. छापून घरोघर वाटायचा, शिवाय मारुतीच्या कट्ट्यावर सभा घेऊन वाचून दाखवायचा. बाकीच्या तिघांच्या आधी. आणि तो मी लिहायचा. "तुमच्यासारखं मराठी पूर्व भागात कुणाचं हाय, सर?" पूर्व भागात निम्मी वस्ती तेलुगू बोलणारी, उरलेल्यांत कन्नड आणि उर्दू वाटून घेतलेली, त्यामुळे या स्तुतीत फार दम नव्हता. पण सेवानिवृत्त माणसाला स्तुतीची गुणवत्ता तपासायची सवय राहत नाही. त्याने अर्धा किलो शेंगाची चटणी आणि कडक भाकरीची चवड टेबलावर ठेवली. मानधन. मी हो म्हणालो.

पहिला मसुदा मी निबंधासारखा लिहिला. 'मी सोमवारी कार्यालयात गेलो. साहेब नव्हते. बुधवारी गेलो. साहेब होते, फाइल नव्हती. शुक्रवारी साहेब आणि फाइल दोघेही होते, पण लाइट नव्हती.' छोटी वाक्यं, स्पष्ट कर्ता, जागच्या जागी क्रियापद. मला स्वतःलाच आवडलं.

त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "सर, यात मी लई दिसूलालोय."

"अहवाल तुझाच आहे ना?"

"तसं नव्हं. हे वाचून लोकांना वाटंल, काहीच झालं नाही."

"काय झालंय मग?"

त्याने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून सांगितलं, "पाठपुरावा झालाय."

त्या रात्री मला माझ्या विषयाचं खरं ज्ञान झालं. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. 'रस्त्याचे काम प्रस्तावित आहे. दिवाबत्तीबाबत सूचना देण्यात आल्या आहेत. ड्रेनेजची पाहणी करण्यात आली. पाणीप्रश्नी पाठपुरावा सुरू आहे.' पत्रके वाटली गेली, गाय बांधली गेली, असली नवीन कर्मणीची उदाहरणं मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिली, पण गाय बांधली कुणी हा प्रश्न कधी मनात आला नव्हता. या प्रयोगात करणाऱ्याला वाक्यात यायची सक्तीच नाही. सूचना देण्यात आल्या: कुणी दिल्या? पाहणी करण्यात आली: कोण वाकलं? आणि 'पाठपुरावा सुरू आहे' हे तर आश्चर्यच. व्याकरणाने वाक्य शुद्ध कर्तरी, आणि कर्ता कोण, तर पाठपुरावा! तो स्वतःच उठतो, स्वतःच्या पायाने चालू लागतो, आणि चार वर्षं सुरूच राहतो. पोरांना एक शक्य कर्मणी म्हणून प्रकार शिकवायचो, 'मला हा डोंगर चढवतो' वगैरे. तो मात्र त्याच्या चार पानांत एकदाही आला नाही.

ज्या पोराने प्रयोग ओळखा कोरं सोडलं होतं, तो आता त्यात राहायला गेला होता.

एक खरं सांगतो, तो कामचुकार नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या चेंबरचंच घ्या. झाकण फुटून किती दिवस झाले ते विचारू नका. कुणीतरी त्या भोकात एक पाय तुटलेली प्लास्टिकची खुर्ची रोवली आणि पाठीला जुन्या चादरीची लाल पट्टी बांधली. पट्टीवर मोराचा निम्मा भाग आला होता, पिसारा आणि एक पाय. डोकं दुसऱ्या तुकड्यात राहिलं असावं. वारा आला की तो बिनडोक्याचा मोर नाचायचा आणि रिक्षावाले वळसा घालायचे. निवडणुकीत प्रभागातल्या चार खुर्च्यांसाठी एवढी माणसं उभी राहिली, पण या पाचव्या खुर्चीवर कुणी हक्क सांगितला नाही.

तर या झाकणासाठी त्याने खरंच चपला झिजवल्या. आधी कनिष्ठ अभियंत्याने येऊन बघायचं, मग इस्टिमेट, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग टेंडर, मोठं काम असलं तर स्थायी समितीतल्या १६ जणांपुढे विषय, मग वर्क ऑर्डर. मी विचारलं, एका झाकणाला एवढं? तो म्हणाला, एका झाकणाचं इस्टिमेट होत नाही, म्हणून ते शंभर झाकणांत घातलंय. आता शंभर पूर्ण व्हायची वाट. म्हणजे आमचं चेंबर बुजायला शहरातली आणखी काही झाकणं फुटणं गरजेचं होतं. हे सगळं मी लिहितो म्हटलं तर हात जोडून म्हणाला, "नको सर. 'कार्यवाही प्रगतिपथावर' लिहा." प्रगतिपथावर खुर्ची होती, पण लिहिलं.

पाण्याच्या परिच्छेदावर आम्ही दोन रात्री घालवल्या. सोलापूरच्या माणसाला वार विचारू नये, पाणी कधी सुटलं ते विचारावं, त्यावरून तो वार काढतो. आमच्याकडे लग्नाची तारीखही आधी पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारून मग गुरुजींना विचारतात. उजनी धरण इथून ११० किलोमीटरवर, पोटात ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. त्यामुळे उन्हाळ्यात धरण 'उणे' जातं. २०२४च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. उणे पन्नास टक्के पाणी बादलीत कसं भरायचं, हा प्रश्न मी गणिताच्या सरांना विचारला होता. त्यांनी बदली मागून घेतली असं मी गमतीने सांगतो. मग उजनीहून शहराला पाणी आणायची दुसरी, समांतर जलवाहिनी. हा शब्द आम्ही इतकी वर्षं ऐकला, की समांतर रेषा एकमेकींना कधीच भेटत नाहीत हे प्रमेय आमच्या गल्लीतल्या पोरांना शिकवावं लागत नाही. त्याने मात्र नीट समजावलं: पाणी शहरापर्यंत आणणं वेगळं आणि गल्लीत पोचवणं वेगळं, मध्ये टाक्या आहेत, जुन्या वाहिन्या आहेत, आणि नळाला थेट मोटार लावणारे आहेत. शेवटचं सांगताना त्याने माझ्या मोरीकडे बघितलं. मी चहा आणायला उठलो.

"सुरुवातीला जरा इतिहास टाका," म्हणाला. मी टाकला. महापालिकेची देखणी जुनी वास्तू, आप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन. पाऊस पाडणाऱ्या देवाच्या नावाच्या इमारतीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची निवेदनं देतो, असं एक वाक्यही लिहिलं, त्याने खोडलं. मग १९३०. इंग्रजांचं राज्य असताना सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला. पुढे त्याच वर्षी मे महिन्यात गावाने मार्शल लॉ सोसला, आणि जानेवारी १९३१मध्ये चौघे फासावर गेले, ज्यांच्या नावाच्या चौकातून आपण हॉर्न वाजवत जातो. मी त्याला म्हणालो, "बघ, 'नगरपालिकेने तिरंगा फडकवला' हे वाक्यसुद्धा कर्मणीच आहे. पण कर्ता कसा 'ने' लावून छाती काढून उभा आहे बघ."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्यांना टेंडर लागत नव्हतं, सर."

आठवड्याभरात ही भाषा घरात शिरली. हिने विचारलं, "दळण आणलं का?" मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "दळणाबाबत पाठपुरावा सुरू आहे."

"कोण करूलालंय?" असं तिने विचारलं, आणि मी पिशवी उचलली.

सभेला शे-सव्वाशे माणसं जमली. मला व्यासपीठावर बसवून टॉवेल-टोपी दिली. वाचनही मीच करायचं होतं. समोर पहिल्या ओळीत, खाली पोत्यावर, आमच्या शेजारच्या अक्का बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानांची गड्डी. कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, नखाने तोंड दुमडायचं, दोऱ्याचे दोन फेरे. अक्का बघत माझ्याकडे होत्या आणि हात आपले चालू होते. मी एक वाक्य वाचेपर्यंत त्यांची एक विडी व्हायची. पाचव्या वाक्याला माझ्या लक्षात आलं, की या कट्ट्यावर काम एकच माणूस करतंय.

दुसरं पान संपलं तेव्हा अक्कांनी हात वर केला. "सर, एक विचारू?"

"विचारा अक्का."

"आम्ही हजार विड्या नेऊन टाकतो. कारखान्यात मोजून, चाचपून बघतात. जी पोकळ लागली ती छाट म्हणून बाजूला काढतात, तिचं पैसं न्हाई. तुमच्या ह्या कागदात छाट किती हाय?"

कट्टा हसला. नगरसेवकांनी माझ्याकडे बघितलं, मी कागदाकडे बघितलं. चार पानांतली छाट मनातल्या मनात काढायला लागलो. 'प्रस्तावित' गेलं, 'सूचना देण्यात आल्या' गेलं, 'प्रगतिपथावर' गेलं. हातात शिल्लक राहिली प्रस्तावना आणि माझी सही नसलेली शेवटची ओळ. एवढा कडक परीक्षक मी बोर्डातही पाहिला नव्हता.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून एका पोराची आरोळी आली, "पाणी आलं!"

दोन शब्द. कर्ता हजर, क्रियापद पुरं, काळ भूत. पाळीचा दिवस उद्याचा होता, तरी आलं. शे-सव्वाशे माणसं अशी उठली की खुर्च्यांना कळायच्या आत रिकाम्या झाल्या. अक्कांनी सूप डोक्यावर घेतलं, विडी एक सांडली नाही. नगरसेवकांच्या मागचे पांढऱ्या शर्टातले दोघं धावले, कारण ते याच गल्लीतले. माइकवाल्याने माइक चालू ठेवूनच घर गाठलं, त्यामुळे पुढचा अर्धा तास कट्ट्यावरून आमच्या गल्लीचे हंडे-कळशा साऱ्या पेठेला ऐकू गेले. मीही टोपी सावरत निघालो. घरी पोचलो तर हौदाजवळ ही उभी होती आणि मोटारीचं बटण आधीच दाबलेलं होतं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

सकाळी सातला फोन आला.

"सर, पुढच्या महिन्याच्या अहवालाला सुरुवात करू. पहिलं वाक्य माझं मीच केलंय, तुम्ही फक्त तपासा. लिहून घेता?"

"सांग."

"'नागरिकांच्या उत्स्फूर्त प्रतिसादात सभा सुरू असतानाच प्रभागात पाणी सोडण्यात आले.' कसं वाटूलालंय?"

मी विचारलं, "कुणी सोडलं रे?"

पलीकडे थोडी शांतता. मग तोच मागच्या बाकावरचा आवाज, "सर, प्रयोग ओळखा."

मी वाक्य उतरवून घेतलं. 'उत्स्फूर्त'मधला रफार त्याने बरोबर सांगितला होता की नाही, ते फोनवर कळलं नाही. मी माझ्या हाताने घातला. चटणी संपत आली होती.