डीजे म्हणजे स्पीकरची भिंत नव्हे

गणपती जवळ आले की घरच्या ग्रुपवर डीजेचा वाद पेटतो. यंदा बाबांनी लिहिलं, "हे संगीतच मुळापासून बंद करायला हवं." त्यांची तक्रार खरी आहे. मिरवणूक दारावरून जाते तेव्हा छाती दणाणते, आजारी माणसाचे हाल होतात. पण 'हे संगीतच' या शब्दांपाशी मी अडखळले.

लंडनला आल्यावर मी ग्राइम, म्हणजे इथल्याच गल्ल्यांतला इलेक्ट्रॉनिक ठेक्यावरचा रॅप, पहिल्यांदा ऐकलं ते रिन्स एफएम या रेडिओवर. हे स्टेशन 1994 मध्ये विनापरवाना सुरू झालं, परवाना मिळाला 2010 मध्ये. पूर्व लंडनच्या सरकारी वसाहतींतली पोरं मिनिटाला साधारण 140 ठोक्यांच्या गतीवर, आपल्या गल्लीच्या बोलीत रॅप करत होती. मला सुरुवातीला ती नुसती धडधड वाटली. चार-पाच रात्रींनी कान सरावला आणि ठोक्यांमधल्या रिकाम्या जागा ऐकू यायला लागल्या. बेस, म्हणजे खालचा घुमणारा सूर, मध्येच थांबतो, एमसी, म्हणजे रॅप करणारा, एकटा उरतो, आणि बेस परत येतो तो थेट समेवर. मग एका तळघरातल्या क्लबात गेले. एमसीने एक ओळ अशी टाकली की सगळे ओरडले, आणि डीजेने रेकॉर्ड मागे फिरवून गाणं पहिल्यापासून लावलं. याला इथे रीवाइंड म्हणतात. संगीत नाटकांवर वाढलेल्या माणसाला तो 'वन्स मोअर' लगेच ओळखू येतो. काय लावायचं, कधी थांबायचं, हे समोरची माणसं पाहून ठरवणारा तो डीजे. आपल्या वादात हा माणूस कुठेच नसतो, असतात फक्त खोके.

याच शहराच्या पोलिसांनी 2005 मध्ये 'फॉर्म 696' हा आयोजकांनी भरायचा अर्ज आणला. कार्यक्रमात कोणत्या प्रकारचं संगीत आहे, प्रेक्षक कोणत्या वंशाचे असतील, हेही त्यात सुरुवातीला विचारलं जाई. ग्राइमवाल्यांना त्याचा फटका वर्षानुवर्षं बसला. 2017 मध्ये फॉर्म रद्द झाला. संगीतावरून माणसं जोखायची ही चूक आपण करू नये, असं मला कळकळीने वाटतं.

आपल्याकडचे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम याबाबतीत जास्त शहाणे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. काय वाजतंय, हा प्रश्नच नाही. तेवढे तरी कडक लावा, ढोलालाही आणि डीजेलाही.

राहिला 'हे संगीत परकं आहे' हा नेहमी ऐकू येणारा आक्षेप. 1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या टीबी-303 (बेस काढणारं) आणि टीआर-808 (ठेका धरणारं) या इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या साथीने दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. पुढे काही वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच 303 मधून ॲसिड हाऊस हे क्लबात नाचायचं संगीत घडवलं. सिंग यांची रेकॉर्ड मात्र 2010 मध्ये पुन्हा निघेपर्यंत जवळजवळ कुणाच्या कानी नव्हती.

काल बाबांना तिच्यातला भैरव पाठवलाय. सकाळी ऐका म्हटलं, बारीक आवाजात.