तुमच्या तक्रारीला उत्तर: वजनाचा हिशेब आमचा चुकला, डिझेलचं मात्र अजूनही नाहीच म्हणेन

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन जे लिहिलंय ते काल दुकान वाढवल्यावर दोनदा वाचलं. इतरांनाही कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी मांडतो. तुम्ही मालासाठी छोटी डिझेल गाडी मागितली होती, आम्ही आग्रह करून सीएनजी दिली. ६५० किलो नेईल असं सांगितलं, पण भरल्यावर ती इंदूरच्या शास्त्री पुलावर दम टाकते. मागचे टायर ७ महिन्यांत गेले. आणि फोन केला तर कोणी उचलत नाही.

फोनचं आधी सांगतो, कारण त्याला काही सबब नाही. बिलावर छापलेला नंबर आमच्याकडून काम सोडून गेलेल्या मुलाचा होता आणि तो बदलायचं राहून गेलं. तुम्ही महिनाभर त्या नंबरवर फोन करत राहिलात, त्याबद्दल माफी मागतो. आता बिलावर माझा स्वतःचा नंबर आहे.

आता वजन. गेल्या महिन्यात तुमचा ड्रायव्हर ऑइल बदलायला देवास नाक्यावर आला होता, तेव्हा गाडी मालाने भरलेली होती. मी खाली वाकून बघितलं तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची कमान पार सपाट झालेली, आणि बंप रबरवर (पाटे फार दबले तर धक्का झेलणारं रबर) घासून चकाकी आलेली. मी त्याला तसाच समोरच्या धर्मकाट्यावर घेऊन गेलो. आरसीवर जे कमाल वजन लिहिलंय त्यापेक्षा काटा २५० किलो जास्त दाखवत होता. तेव्हाच तुम्हाला स्वतः फोन करायला हवा होता. ड्रायव्हरला सांगितलं आणि त्यावर विसंबलो, हे चुकलं.

हे २५० किलो आले कुठून? ६५० किलो हा कंपनीचा आकडा उघड्या हौद्याचा आहे. तुम्हाला पावसाळ्यासाठी बंद डबा हवा होता, तो आमच्याच शेडमध्ये बनला. पत्रा, अँगल, मागचं दार, कड्या मिळून तो १७० किलोंचा आहे. म्हणजे मालाला उरले ४८०. त्यात हेल्पर बसतो, त्याचे ६० धरा. उरले ४२०. तुम्ही गाडी घेताना फरसाण आणि शेवेच्या पेट्या नेणार म्हणालात. तो माल जागा खातो, वजन नाही. त्यासाठी ४२० पुष्कळ होते. पण दिवाळीपासून तुम्ही तेलाचे डबेही घ्यायला लागलात. त्या दिवशी गाडीत ३० डबे होते, एकेक साधारण १६ किलोंचा. नुसत्या तेलाचेच ४८० किलो झाले. वर शेवेच्या पेट्या होत्याच.

माल तुम्ही वाढवलात हे खरं. पण बंद डब्याचं वजन ६५० मधून वजा होतं हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं. २२ वर्षं या धंद्यात आहे, मला ते माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याने विचारायचं कसं?

यात टायरपेक्षा मोठा धोका आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो. ब्रेकचं तर बोलायलाच नको. म्हणून दादा, हे उत्तर वाचाल त्या दिवसापासून तेलासाठी वेगळी फेरी करा, एवढं माझं ऐका.

डिझेलच्या बाबतीत मात्र मी माझ्या सल्ल्यावर ठाम आहे. तुमची गाडी सियागंजला भरते, मल्हारगंज, राजवाडा, जुनी इंदूर करत २०-२५ दुकानांवर थांबते. दिवसाला फार तर ४५ किलोमीटर होतात आणि तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. अडकलेली काजळी जळून जायला गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग पळावी लागते. गल्लीत ती संधीच मिळत नाही. जाळी तुंबते, दिवा लागतो, गाडी गॅरेजला उभी राहते. रोज उज्जैनला टनभर माल घेऊन जाणाऱ्याला मी स्वतः डिझेल देतो.

सीएनजीचाही तोटा आहे, तो लपवत नाही. सिलिंडरचं वजन मालातूनच जातं. मारुतीच्या सुपर कॅरीत पेट्रोलला ७४० किलो, सीएनजीला ६२५, असा सरळ फरक आहे. शिवाय दर ३ वर्षांनी सिलिंडरची टेस्ट करून घ्यावी लागते.

आता पुढचं. गाडीवरचा बंद डबा आम्ही परत घेतो, पूर्ण पैसे देऊन. त्याच्या जागी पाइपचा सांगाडा आणि जाड ताडपत्री बसवून देतो, त्यात १०० किलोंपेक्षा जास्त वाचतील. पाटे आणि मागचे दोन टायर आमच्याकडून. तेल कायमचंच न्यायचं असेल तर सव्वा टनाची गाडी बघू. तुम्ही दिलेल्या किमतीतच ही परत घेईन. फक्त एकूण वजन ३,००० किलोंच्या आतली घेऊ, म्हणजे परमिटची भानगड नको. आणि ती लांब असते, तेव्हा सराफ्यामागच्या तुमच्या दोन गिऱ्हाइकांच्या गल्लीत आधी चालवून बघा, मगच ठरवा. मला विचाराल तर तुमच्या कामाला आहे तीच गाडी ताडपत्रीसह चालेल.

या महिन्यापासून बॉडी बसवलेली प्रत्येक गाडी आम्ही काट्यावर नेतो आणि ती पावती बिलाला जोडून देतो.

रविवार सोडून कधीही सकाळी ९ नंतर या. गाडी रिकामी आणू नका, रोज भरता तशीच, हेल्परसकट आणा. काट्याचे पैसे मी देईन.