स्टोव्हचा काटा 100 च्या वर गेला म्हणून हवा बंद करू नका
कॅनडातल्या आपल्या मंडळींत एक मेसेज फिरतोय, की लाकडाच्या नवीन स्टोव्हचा पाइप 100 डिग्रीच्या वर गेला की स्टोव्हमध्ये जाणारी हवा बंद करा, नाहीतर आग लागेल. प्लीज असं करू नका! सिंगल वॉल (एकाच थराच्या) पाइपवरच्या मॅग्नेटवाल्या थर्मामीटरचा काटा साधारण 120 ते 240 सेल्सिअसमध्ये हवा, त्याच्या खाली धुमसत ठेवलं की धुरातलं क्रिओसोट चिमणीत डांबरासारखं चिकटतं आणि पुढे तेच पेटतं. स्टोव्हच्या दाराची काच काळी पडायला लागली की समजा आग गुदमरतेय. 240 च्या वर गेला तर मात्र हवा कमी करा. डबल वॉल (दोन थरांच्या) पाइपला बाहेरून लावलेला थर्मामीटर खूप कमी दाखवतो, तिथे प्रोबवालाच, म्हणजे पाइपच्या आत दांडी जाणारा, लागतो. पहिल्या दोनतीन वेळा आग छोटीच ठेवा, नवीन स्टोव्हचा रंग पक्का होताना वास येतो, खिडकी उघडा. मॅन्युअलमध्ये वेगळे आकडे असतील तर तेच धरा.