सरळ रेषेला शॉक देत नाहीत!

मॉनिटरवरची रेषा सरळ झाली की पडद्यावरचा डॉक्टर शॉकची पॅडल उचलतो, पेशंट फूटभर उडतो आणि डोळे उघडतो. किती वर्षं हेच दाखवणार? सरळ रेषा म्हणजे असिस्टोल. हृदयात विजेची हालचालच उरलेली नाही, मग शॉकने सुधारणार काय? शॉक लागतो तो हृदय नुसतं थरथरत असताना, म्हणजे व्हीएफमध्ये (व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन). असिस्टोलला छातीवर दाब आणि दर 3 ते 5 मिनिटांनी 1 मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन, तेही शिरेतून. थेट हृदयात सुई खुपसत नाहीत!

आणि ते दाब! मऊ गादीवर, कोपरं वाकवून, हलके हलके. अहो, हात ताठ हवेत, पाठीखाली कडक पृष्ठभाग हवा, मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्तच नीट भरत नाही. दोन मिनिटांत माणूस थकतो, म्हणून दाब देणारा माणूस बदलतात. जिवंत नटावर हे करता येत नाही, बरगड्या मोडतील, मान्य. मग पुतळा घ्या आणि कॅमेरा खांद्यांवर ठेवा.

108च्या गाडीतला डॉक्टर तर पडद्यावर फक्त स्ट्रेचर ढकलतो. घरात कोणी कोसळलं की लोकांना आठवतं ते हेच दृश्य.