हेड गॅस्केट घरी बदला, पण त्या मेसेजप्रमाणे नको

काल रात्री साडेदहाला मामांचा फोन आला. त्यांची सोळा-तेरा (टाटाची १६१३ ट्रकगाडी) इंदूरजवळ राऊच्या शेडमधे उभी आहे, धामणोदहून येताना मानपूरचा घाट चढेपर्यंत दोनदा तापली, झाकण काढून इंजिन चालू केलं की रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्यावर बसणारं हेड यांच्यामधलं पातळ सील) गेलं असणार हे त्यांना कळलंय. मी म्हटलं रविवारी येतो. तर म्हणाले, "अरे तू नको येऊस, तुला एकच सुट्टी असते, सगळी माहिती आलीय मोबाइलवर, मी आणि बंटी मिळून करून टाकतो."

आणि तो मेसेज पाठवला. हा मला आधी तीन जणांकडून आला होता आणि मी सोडून दिला होता, पण आता घरातच आलाय आणि मामा त्याप्रमाणे पाने काढून बसलेत म्हटल्यावर गप्प बसवत नाही. सोळा वर्षं इंदूरला हेड फेसिंगचंच, म्हणजे हेडचा तळ मशीनवर सपाट करायचंच काम करतोय, असल्या सल्ल्यांनी वाट लागलेली हेडं माझ्याच टेबलावर येतात.

मेसेजमधे काय आहे ते थोडक्यात. पाना सेट, हातोडा, छिन्नी आणि जॅक एवढी हत्यारं पुरतात. टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना) लागत नाही, मेकॅनिकच्या हाताला अंदाज असतो. जुनेच बोल्ट परत लावा. हेड फेसिंगला देऊ नका, ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून घरीच चमकवा. गॅस्केटला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावा. गाडी चालू करून डिझेलच्या पाइपांवर बोट फिरवा, लीक लगेच कळतो. आणि एवढं करायचं नसेल तर रेडिएटरमधे मूठभर हळद टाका.

सगळ्यात आधी ते बोट, कारण बाकीच्या चुकांत इंजिन जातं, इथे हात जातो. २०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस-६ गाड्यांत कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी एकच जास्त दाबाची नळी) असते, तिच्यात डिझेलचा दाब १६०० बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) पुढे जातो, पाइपचा नट जरा सैल राहिला तर डोळ्याला न दिसणारी धार येते आणि ती सरळ कातडीच्या आत घुसते. वरून फक्त सुई टोचल्यासारखं बारीक भोक दिसतं, फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून झोपतो आणि आत डिझेल पसरत राहतं. ही तातडीच्या ऑपरेशनची केस असते, उशीर झाला तर बोट कापावं लागतं. मामांच्या जुन्या पंपाच्या गाडीत दाब एवढा नाही, पण तोही कातडी फोडायला पुरेसा आहे. लीक शोधायचा तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा, डाग पडला की समजा. ज्याने हे लिहिलं त्याने हे हजारो लोकांना सांगितलंय, याचा मला खरंच राग येतो.

आता टॉर्क रेंच. "हाताला अंदाज असतो" हे वाक्य मी जुन्या उस्तादांच्या तोंडून पण ऐकलंय आणि त्यांचा मान ठेवूनच सांगतो, हाताला जे कळतं ते दुसरंच असतं. बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण ९० टक्के बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० टक्के, आणि गॅस्केट दाबून धरतो तो हा ताणच. एका बोल्टचे आटे गंजलेले आणि शेजारच्याला ऑइल लागलेलं, हाताला दोन्ही सारखेच घट्ट लागणार, पण पहिला जवळजवळ सैल आणि दुसरा तुटायच्या बेतात असू शकतो. म्हणून तर आटे साफ करून मॅन्युअलमधे सांगितलं असेल तसं ऑइल लावायचं, टॉर्क रेंचने ठराविक आकड्यापर्यंत आवळायचं आणि शेवटचा फेरा अंशात मोजून द्यायचा, त्यासाठी अँगल गेज. ५.९ लिटरच्या १२ वॉल्व्ह कमिन्सचं उदाहरण घ्या, हेडला २६ बोल्ट, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला जायचं, सगळे आधी ९० न्यूटन मीटर, मग लांब बोल्ट १२०, आणि शेवटी प्रत्येक बोल्ट अजून ९० अंश. दुसऱ्या इंजिनचे आकडे दुसरे, ज्याचे त्याच्या मॅन्युअलमधून घ्या.

एवढी नाटकं कशाला असं मामा विचारतात, म्हणून मी त्यांना फोनवरच हिशोब करून दाखवला. त्यांच्या सिलिंडरचं तोंड १०२ मिलिमीटरचं आहे. आत डिझेल पेटताना १२० बार दाब धरला तर हेड वर उचलायला दहा टनांचा धक्का बसतो. मामा एका खेपेला जेवढा बटाटा भरतात साधारण तेवढं वजन, एकेका सिलिंडरवर, २००० आरपीएमला मिनिटाला हजार वेळा. २६ पैकी दोन बोल्ट सैल राहिले तर गॅस तिथूनच वाट काढणार.

जुन्या बोल्टचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करतो. काही इंजिनांत ते परत चालतात, पण गेजवर लांबी मोजून, प्रमाणापेक्षा लांबलेला एकही परत लावायचा नाही. आणि ज्या इंजिनांत बोल्ट मुद्दाम एकदाच ताणायचे म्हणून बनवलेत तिथे नवा सेट घ्यायचाच.

ग्राइंडरचा मुद्दा वाचून मी मोबाइल खाली ठेवला. मागच्याच महिन्यात असं एक हेड आलं होतं, मालकाने हौसेने चकाचक केलेलं, आरशासारखं चमकत होतं. स्ट्रेटएज, म्हणजे तंतोतंत सरळ पोलादी पट्टी, ठेवला, मागून टॉर्च लावला, तर तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधे पट्टीखालून उजेडाची अख्खी रेघ. तिथे चकती जास्त वेळ टेकली होती. फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या सेटचं) ०.१५ मिलिमीटरचं पान आरामात आत गेलं, आणि त्याच जागी गॅस्केटवर दोन सिलिंडरना जोडणारा काळा जळका पट्टा, नवीन गॅस्केट दोन खेपांत गेलेलं. चमक म्हणजे सपाटी नव्हे. डोळ्याला आणि बोटाला ०.१५ चा खड्डा कळत नाही, पट्टीला कळतो.

आणि खड्ड्यापेक्षा वाईट गोष्ट चकतीची पूड. ही माझी एकट्याची समजूत नाही, जनरल मोटर्सने यासाठी आपल्या मेकॅनिकांना वेगळं सर्व्हिस बुलेटिन काढलं होतं, नंबर ००-०६-०१-०१२, की गॅस्केटच्या जागा साफ करायला मशीनवरच्या घासायच्या चकत्या वापरू नका, त्यातून जी बारीक पूड पडते ती ऑइल फिल्टरलाही अडवता येत नाही आणि इंजिन आतून खराब होतं. ती पूड ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. म्हणजे गॅस्केट बदलायला बसलेला माणूस दोन महिन्यांनी क्रँकच्या कामाला येतो आणि त्याला वाटतं इंजिनच जुनं झालं होतं. सिलिंडर आणि पाण्याची भोकं कापडाने बुजवा, स्क्रेपर हातात घ्या, वेळ लागतो, लागू दे. फेसिंग लागेल की नाही ते पट्टी सांगेल, आणि ज्या इंजिनाने दोनदा ताप खाल्लाय त्याचं हेड प्रेशर टेस्टला (दाब देऊन तडा शोधायला) द्याच, कारण वॉल्व्हच्या सीटमधली तडे गेलेली जागा घरी दिसत नाही.

सिलिकॉन नको. आजची बहुतेक हेड गॅस्केटं कोरडीच बसवायची असतात, दाबून बाहेर आलेला सिलिकॉन पाण्याच्या वाटा बंद करतो. तांब्याच्या पत्र्याच्या गॅस्केटला जुने लोक शेलॅक लावायचे हे खरं, पण ती गॅस्केटं वेगळी होती.

हळदीबद्दल. रेडिएटरला सुईएवढं भोक असेल तर हळदीने घरापर्यंत गाडी येते, मी स्वतः आणलीय. पण हळद दहा टन अडवत नाही, आणि तीच हळद नंतर रेडिएटरच्या नळ्यांत बसून गाडी अजून तापवते.

घरी करू नका असं मी म्हणत नाहीये, मेसेजमधलं तेवढं बरोबर आहे की हे काम शेडमधे होतं, इंजिन खाली उतरवायचीही गरज नाही. पण मेसेजमधे फक्त खोलायची हत्यारं आहेत, मापायचं एकही नाही. टॉर्क रेंच, अँगल गेज, स्ट्रेटएज, फिलर गेज, पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते बघायला स्टँडसकट डायल गेज, कारण कितीतरी इंजिनांत त्यावर गॅस्केटची जाडी ठरते. जॅकऐवजी चेन पुली, पन्नास किलोच्या आसपासचं हेड दोन माणसांनी वाकून उचलायचं नसतं, एकदा तिरकं टेकलं की नवीन गॅस्केट फाटलं. कॅब पलटवायची गाडी असेल तर तिची लॉकची सळई लागल्याशिवाय खाली डोकं घालू नका, बांबूचा टेका नको.

मामांनी शेवटी ऐकलं. रविवारी सकाळी मी टॉर्क रेंच आणि गेज घेऊन राऊला जातोय, त्यांना सांगितलंय की तोपर्यंत पाणी आणि ऑइल काढून ठेवा, ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तर मला फोटो पाठवा, त्यात ऑइल कूलरचाही दोष असू शकतो. आणि हेड निघाल्यावर बोल्टची भोकं फुंकून कोरडी केल्याशिवाय बंटीला एकही बोल्ट लावू द्यायचा नाही, कारण खालून बंद असलेल्या भोकात पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जात नाही, ब्लॉकच तडकतो.